निर्णयाआधी एक रात्र जाऊ द्या



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी बोलतो. आज थोडे मनाविषयी बोलू. कारण पुष्कळ वेळा उसाचे नुकसान होते ते फडात चुकल्यामुळे नव्हे, तर निर्णय भलत्या घटकेला घेतल्यामुळे.

माझे घर आकुर्डीचे. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण आले, आणि आमच्या पट्ट्यातील शेते कारखान्यांखाली व वसाहतींखाली गेली. संपादनात शेतकऱ्याच्या हाती फारसे काही नव्हते. पण जी जमीन उरली, तिचे काय करायचे हे मात्र त्याच्याच हाती होते. माझ्या चुलत्यांकडे 30 गुंठे उरले होते. एका संध्याकाळी एक दलाल ओट्यावर बसला आणि म्हणाला, "पुन्हा संपादन येतंय, तात्या. मग कवडी मिळायची नाही." चुलत्यांनी चुलतीलाही न विचारता दुसऱ्या सकाळी विसार घेतला. संपादन काही आले नाही. चुलते अडाणी नव्हते. एक बैल घ्यायचा तर चार बाजार फिरणारा माणूस! पण त्या रात्री हिशेब त्यांनी केला नाही, भीतीने केला.

असे का होते? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली याचा उलगडा मांडला. शंभर रुपये मिळाल्याचा जितका आनंद होतो, त्यापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख माणसाला बरेच जास्त होते. म्हणून 'हातचे जाईल' असे कोणी म्हटले की आपण पुढचे-मागचे पाहत नाही. या कामासाठी कानेमन यांना 2002 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शेतीत हे कुठे दिसते ते बघा.

भीती : 2021-22 च्या हंगामात राज्यात ऊस फार झाला, मे-जूनपर्यंत गाळप चालले आणि मराठवाड्यात कित्येकांचा ऊस उभा राहिला. ती धास्ती अजून मनात आहे. म्हणून काही सभासद ऊस पक्व होण्याआधीच मिळेल त्या टोळीला, मिळेल त्या गुऱ्हाळाला देऊन मोकळे होतात. कोवळ्या उसात वजनही कमी आणि साखरही कमी. उभा राहील या भीतीने आपण नुकसान आपल्या हाताने आजच करून घेतो.

राग : तोडणीची पाळी हुकली, शेजाऱ्याचा ऊस आधी गेला, मुकादमाने जादा पैसे मागितले. राग येणारच. पण रागाची एक खोड अशी की, तो माणसाला आपल्या अंदाजाची उगाच खात्री देतो. "पेटवून दिला की झक मारत नेतील" असे वाटते. जळका ऊस ताबडतोब गाळला नाही तर दर तासाला त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. शिवाय पाचट जाते, खोडव्याचे कोंब भाजतात आणि आग बांध ओळखत नाही.

ईर्ष्या : शेजारचा ऊस काळाभोर दिसला की आपण युरियाची आणखी एक गोणी टाकतो. सुरू उसाला शिफारस एकरी 100 किलो नत्राची, म्हणजे 45 किलोच्या जेमतेम पाच गोण्या, तीही चार हप्त्यांत. मोठ्या बांधणीनंतर टाकलेल्या जादा युरियाने ऊस हिरवा दिसतो खरा, पण लोळतो आणि पक्वता लांबते.

मग भावना वाईटच म्हणायच्या का? अजिबात नाही. अँटोनियो दामासिओ या मेंदूतज्ज्ञांनी 1994 साली एका रुग्णाची हकिगत लिहिली. मेंदूतील गाठ काढल्यावर त्याची बुद्धी शाबूत राहिली, पण भावना बोथट झाल्या. त्यानंतर त्याला साधे निर्णयही घेता येईनात. म्हणजे भावना हवीच. ती सांगते की काहीतरी मोलाचे पणाला लागले आहे. पुढे काय करायचे, ते मात्र कागदावर ठरवायचे.

हडपसरच्या मगरपट्ट्याचे पाहा. शहर अंगावर येत होते, जमीन जाईल ही भीती तिथेही होती. पण सुमारे 120 शेतकरी कुटुंबे एकत्र बसली, 400 एकरांहून अधिक जमीन एकत्र केली आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने स्वतःच नगर वसवले. एकेकट्याने विकली नाही. आकुर्डीतही भीती तीच होती. आमच्या चुलत्यांना मात्र ती रात्री एकट्याने सोसावी लागली.

तेव्हा चार गोष्टी पाळा :

1. विसार, कर्ज, तोड बदलणे किंवा पेटवणे, यांतले काहीही रागाच्या वा भीतीच्या दिवशी करू नका. एक रात्र जाऊ द्या.

2. फायदा आणि तोटा कागदाच्या दोन बाजूंना लिहा. लागणीची तारीख आणि जातही लिहा.

3. घरातील बाईमाणसांना आणि मुलांना विचारा. सातबारावर नाव असो-नसो, झळ सर्वांना लागते.

4. "आजच सांगा, उद्या भाव नाही" असे जो म्हणेल, त्याला उद्याच या म्हणावे.

तोडणीची चिंता असेल तर काडी लावण्याआधी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाला किंवा मला गाठा. रागाने आलात तरी चालेल. चहा घेऊ, नोंदवही उघडू आणि पाळी केव्हा येते ते मिळून पाहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी