१८७४चा उन्हाळा : विद्यार्थी निघाले खेड्यात

रशियन इतिहासातला हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग. १८७४च्या उन्हाळ्यात पीटर्सबर्ग, मॉस्को, कीव्ह इथले शेकडो विद्यार्थी पुस्तकं बाजूला ठेवून खेड्यांकडे निघाले. त्यात झुरिकला शिकणाऱ्या मुलीही होत्या. सरकारनेच १८७३मध्ये हुकूम काढून त्यांना परत बोलावलं होतं. भूदासपद्धत १८६१मध्ये संपली, पण शेतकऱ्याच्या डोक्यावर जमिनीच्या हप्त्यांचं ओझं आलं. त्याचं जगणं जवळून बघायचं आणि जमल्यास त्याला उठवायचं, हा बेत. शेतकऱ्यासारखे कपडे घातले, कुणी चांभारकाम शिकलं, कुणी सुतारकाम.

शेतकरी मात्र बिचकले. हात मऊ, बोलणं पुस्तकी, आणि वर झारविरुद्ध गोष्टी! जमीन देईल तर झारच, अशी त्यांची श्रद्धा. काही ठिकाणी त्यांनीच या पाहुण्यांना पोलिसांच्या हवाली केलं. (मला यात शेतकऱ्यांचा दोष दिसत नाही.)

धरपकड प्रचंड झाली. १८७७-७८मध्ये गाजलेला '१९३ जणांचा खटला' चालला, पण बरेच जण निर्दोष सुटले. याच चळवळीतला राजपुत्र आणि भूगोलतज्ज्ञ क्रपोत्किन १८७४मध्येच पकडला गेला होता. १८७६मध्ये तो तुरुंगाच्या इस्पितळातून चक्क पळाला.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी तुर्गेनेव्हची 'नोव्ह' वाचावी. विषय हाच, आणि गंमत म्हणजे ती खटल्याच्या काही महिने आधी छापून आली. शिवाय त्रेत्याकोव्ह गॅलरीतलं रेपिनचं प्रचारकाच्या अटकेचं चित्र शोधून बघा. त्यातल्या गावकऱ्यांचे चेहरे जरूर न्याहाळा.