नाताळचे झाड सुताच्या कोनांचे

भिवंडीच्या नारपोलीत शिरले की आधी कानावर यंत्रमागांचा खडखडाट येतो आणि मग पायाखाली चिंध्या. कापडाच्या कापून टाकलेल्या कडा, तुटलेल्या सुताचे गुंते, रिकामे कोन, जवळच्या गोदामांतून बाहेर पडलेले पुठ्ठ्याचे खोके. नाताळ जवळ आला की मात्र सजावटीसाठी बाजारातून प्लास्टिकचे झाड, चमचमती झालर आणि चमकी घरी येते. जानेवारीत हे सगळे त्याच चिंध्यांच्या ढिगात जाते. मग त्या ढिगाला कोणीतरी काडी लावतो आणि धूर आसपासच्या खोल्यांत शिरतो.

त्या धुरात काय असते? स्वस्तातले झाड बहुधा पीव्हीसीचे असते. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. तो डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होते. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, दमा असणाऱ्याला धाप लागते. ढीग नुसता धुमसत राहिला तर डायॉक्सिनसारखी घातक संयुगेही तयार होतात. झालरीचा इतिहास तर गमतीचा आहे. एके काळी ती शिशाची असे, आणि मुले ती तोंडात घालतात म्हणून 1972 मध्ये अमेरिकेत तिचा वापर थांबवण्यात आला. आताची झालर म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा. चमकीही तशीच, फक्त कणाकणाने कापलेली. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीची विक्री बंद केली. नारपोलीत केरसुणीने गटारात लोटलेली चमकी कामवारी नदीवाटे वसईच्या खाडीपर्यंत पोहोचू शकते, आणि तिथून ती परत गोळा करण्याचा उपाय कोणाकडेच नाही.

थर्माकोलच्या बर्फाचे तर नावच नको. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. तसेही भिवंडीत बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. देखाव्यात तो नसला म्हणून काही बिघडत नाही.

पण घरात आधीच प्लास्टिकचे झाड असेल तर पर्यावरणाच्या नावाने ते फेकू नका. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. ते दहा-बारा वर्षे वापरले तरच खऱ्या झाडाच्या तुलनेत परवडते. झाड पुसून पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा.

ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी सुताचे कोन आहेत. कागदी पुठ्ठ्याचा कोन मुळातच झाडाच्या आकाराचा, वीतभर उंच. भंगारवाल्याकडे असे रिकामे कोन मिळतात. प्लास्टिकचे बाजूला काढून कागदी तेवढे घ्यावेत. हिरव्या कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून खालच्या कडेपासून सुरुवात करावी आणि कौले चढवतात तशी एकावर एक ओळ वर न्यावी. चिकटवायला कणकेची किंवा मैद्याची खळ पुरते. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ देतात, त्यामुळे हा शब्द इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कीड लागू नये म्हणून जुनी माणसे खळीत मोरचूद टाकत. मुले हाताळणार असतील तर तो अजिबात टाकू नये, तो विषारी असतो. सात-आठ कोन लहान-मोठ्या खोक्यांवर उतरत्या पायऱ्यांनी मांडले की छोटे रानच उभे राहते.

मात्र चिंधी कसली आहे हे पाहिल्याशिवाय हात घालू नये. भिवंडीच्या मागांवर सुतीबरोबर पॉलिएस्टरही विणले जाते. दिसायला दोन्ही सारखेच, वागायला अगदी वेगळे. ओळखायची रीत जुनी आहे, पण ती मोठ्यांनीच करावी. दोन-तीन धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटाने चुरगळेल अशी मऊ राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते, आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. राखही आणि खडेही उरले तर कापड मिश्र आहे. तो वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि खोलवर भाजतो. म्हणून पॉलिएस्टरची सजावट मेणबत्तीजवळ ठेवायची नाही, आणि सांताचा झगमगीत झगा घातलेल्या मुलालाही पेटत्या मेणबत्त्यांपासून लांबच ठेवायचे. सुती कापडही पेट घेतेच. त्यामुळे कोनांच्या रानात मेणबत्ती नको, एलईडीची माळ लावावी.

अंजूरफाट्यावरून चिंचोटीचा रस्ता धरला की वसई. तिथल्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळला गोठ्यांचे देखावे उभे राहतात. या देखाव्याची सुरुवात 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी केली असे मानतात. त्या पहिल्या देखाव्यात गव्हाण, गवत आणि खरेखुरे बैल व गाढव होते. बाजारातून आणलेले त्यात काही नसावे. आपल्याकडे तर डिसेंबरात भात कापून झालेला असतो आणि भिवंडी तालुक्यातल्या गावांत पेंढा सहज मिळतो. कंदिलासाठी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून ठेवला असेल तर त्याच कामट्या सोडून पाच टोकांचा तारा बांधता येतो. संत्र्यांचा हंगामही हाच. पातळ चकत्या तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवून दोऱ्यात ओवल्या की उजेडात पारदर्शक दिसतात. जराशा ओल्या राहिल्या तर बुरशी धरतात, एवढे सांभाळावे.

नेवऱ्या आणि कलकल तळण्याचा दिवस वेगळा. तेलाबद्दल एकच सांगतो. तळून काळपट, दाट झालेले, फेस धरणारे तेल दुसऱ्या घाण्याला वापरू नये. तेलातली ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यास अयोग्य, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. शेजाऱ्यांकडे फराळ स्टीलच्या डब्यातून जावा, डबा रिकामा परत येत नाही हा आपल्याकडचा जुना नियम आहेच.

गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी गोव्यात आणि कोकणातल्या ख्रिस्ती घरांत धान्य पेरून अंकुर वाढवतात. नवरात्रात घट बसवणाऱ्यांना हे नव्याने शिकायला नको. करवंटीत किंवा पसरट ताटलीत माती घ्यावी, रात्रभर भिजवलेले गहू दाट पसरावेत, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि रोज पाणी शिंपडावे. सुरुवातीचे दोन दिवस झाकून ठेवले तर सगळे एकसारखे रुजतात. वीतभर वाढायला नऊ-दहा दिवस लागतात, थंडी जास्त असेल तर आणखी एखादा. म्हणजे 24 डिसेंबरच्या रात्री हिरवळ हवी तर गहू 13 तारखेच्या रात्री भिजत घालायचे. सण झाल्यावर ती हिरवळ आणि पेंढा शेळीला घाला, कोनांवरच्या सुती पट्ट्या सोडवून गोधडीत भरा, आणि कोन पुढच्या वर्षासाठी एकात एक बसवून ठेवा. दहा कोन एका कोनाच्या जागेत मावतात.