पूर एकच, बाहेर पडणारे वेगळे

बदलापूरजवळ उल्हास नदीची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोक्याची 17.50 मीटर. मधल्या एका मीटरात काठावरच्या माणसांनी घर सोडायचं, असा हिशेब आहे. पण तो मीटर सगळ्यांना सारखा पुरत नाही. गेली काही वर्षं मी हेंद्रेपाडा, वालिवलीपासून उल्हासनगरातल्या वालधुनीकाठच्या वस्त्यांपर्यंत एकच प्रश्न विचारत फिरतो आहे: पाणी आलं तेव्हा आधी कोण निघालं आणि शेवटी कोण उरलं?

26 जुलै 2005 ला मंगळवार होता. सांताक्रूझच्या 944 मिलिमीटरची आठवण सगळे काढतात. आपल्या तिन्ही शहरांसाठी मात्र दुसरी गोष्ट तितकीच मोठी होती: लोकल बंद पडल्या. कमावती माणसं मुंबईत अडकली. घरी बायका, मुलं, म्हातारी माणसं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरं दिवसा वेगळ्या वयाची असतात. जनगणना आपल्याला रात्रीची मोजते, पूर मात्र दुपारीही येतो.

27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे 1050 प्रवासी सुखरूप निघाले, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आसपासचे गावकरी, सगळेच धावले. काम चोखच झालं. पण ती माणसं एकाच ठिकाणी होती आणि सगळ्या देशाला दिसत होती. त्याच पुरात बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात तळमजल्यावर कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, हे शेजाऱ्यांखेरीज कोणाला ठाऊक असणार?

लोक निघत नाहीत ते हट्टानं, असं अधिकारी म्हणतात. मला तसं दिसलं नाही. भाडेकरूला भीती असते ती सामानाची, कारण नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात आपलं नाव येईल की घरमालकाचं, याची त्याला खात्री नसते. बाई आधी रेशनकार्ड, मुलांचे दाखले पोटमाळ्यावर टाकते, मग नवऱ्याच्या फोनची वाट पाहते. तरण्या मुलीला घेऊन रात्री शाळेच्या वर्गात, जिथे एकच संडास, तिथे जायचं की नाही, हाही विचार असतोच. (पुरुषांना हे कारण सांगितलं की ते हसतात.) बांगलादेशात 1991 च्या चक्रीवादळात सुमारे 1 लाख 38 हजार माणसं गेली. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक होत्या, आणि घर सोडायला झालेला उशीर हे त्याचं एक कारण मानलं जातं. 2005 च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅटरिना आलं, तेव्हा लुइझियानातल्या मृतांपैकी जवळपास निम्मे पंचाहत्तरीचे किंवा त्यापुढचे होते. श्रीमंत देशातही मोटार नसलेला आणि चालू न शकणारा माणूस मागे राहिला.

आपल्याकडे याचं सर्वांत बोलकं ठिकाण वांगणी. स्वस्त भाड्यामुळे तिथे अनेक अंध कुटुंबं वसली. बरेचजण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकतात. गाडी थांबली की त्यांची कमाई थांबते आणि जायची वाटही. पुलाच्या खांबावरची लाल खूण त्यांच्या काय कामाची? पाणी चढलं की पायाखालची ओळखीची वाटच नाहीशी होते. त्यांना हवा माणसाचा आवाज आणि धरायला हात. तोही कोणाचा, हे आधी ठरलेला.

गंमत अशी की याद्या तयार आहेत. गरोदर बायांची नोंद आशाताईंकडे असते, सहा वर्षांखालच्या मुलांची अंगणवाडीत. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांमधल्या विधवा, अपंग, वृद्धांची नावं तहसील कार्यालयात असतात, आणि तालुक्याचं आपत्ती व्यवस्थापनही तहसीलदारांकडेच असतं. माझ्या पाहण्यात आलेल्या पावसाळी आराखड्यांत मात्र वस्त्यांची नावं आहेत, बोटींची संख्या आहे, शाळांची यादी आहे. कोणत्या घरात कोणाला उचलून आणावं लागेल, तो रकाना नाही. तो भरायला नवं सर्वेक्षण लागत नाही. मे महिन्यातल्या बैठकीला आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना त्यांच्या वह्या घेऊन बोलावलं, निराधार योजनेच्या कारकुनालाही शेजारी बसवलं, तर एका दुपारचं काम आहे.