दोन विजय, आठ पराभव : नोटर डेमचा १९५६ चा हंगाम

आज आपण एका हरलेल्या हंगामाचा हिशेब मांडणार आहोत. त्याआधी एक खुलासा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर येऊन अडवायचं. हा खेळ तिथे वाढला तो कॉलेजांच्या मैदानांवर.

इंडियाना राज्यातलं नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ म्हणजे या खेळातलं फार मोठं नाव. फ्रँक लेही प्रशिक्षक असताना १९४६ ते १९४९ या चार हंगामांत हा संघ एकही सामना हरला नाही. महायुद्धावरून परतलेले, वयाने आणि अंगाने तयार झालेले तरुण त्यात होते.

आणि मग आलं १९५६. दहा सामने, दोन विजय, आठ पराभव. १९३३ नंतर पहिल्यांदाच जिंकण्यापेक्षा हरणं जास्त झालं. ओक्लाहोमाने तर नोटर डेमच्याच मैदानावर येऊन ४०-० असं हरवलं. मिशिगन स्टेटने ४७-१४, आयोवाने ४८-८.

असं का झालं? प्रशिक्षक टेरी ब्रेनन अवघ्या पंचविसाव्या वर्षी, १९५४ मध्ये या जागेवर आले होते. लेहींच्या काळात आलेल्या खेळाडूंच्या बळावर त्यांनी आधी ९-१ आणि मग ८-२ असे हंगाम दिले. मग एकाच वर्षात ते खेळ विसरले का? तसं नाही. १९५२ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले फादर थिओडोर हेसबर्ग यांना अभ्यासात अव्वल असं विद्यापीठ घडवायचं होतं. त्या धोरणात फुटबॉलच्या शिष्यवृत्त्या कमी झाल्या. आता बघा, पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे आज खेळाडू कमी घेतले, की त्याची झळ एक-दोन वर्षांनी बसते. १९५६ च्या संघात अनुभवी हात कमी होते आणि दुसऱ्या वर्षाची पोरं बरीच होती.

गंमत म्हणजे, त्याच वर्षीचा देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कार याच संघातल्या पॉल हॉर्नंगला मिळाला. १९५३ पासून बदली खेळाडूंवर कडक मर्यादा आल्या होत्या, म्हणजे त्याच गड्याने चढाईही करायची आणि बचावही. हॉर्नंग चेंडू फेकायचा, घेऊन पळायचा, लाथेने मारायचा, वर बचावालाही उभा राहायचा. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूला हा पुरस्कार त्याआधी कधीच मिळाला नव्हता. त्यावर वादही झाला, कारण सिरॅक्यूजचा जिम ब्राउन मतदानात पाचवा राहिला होता. तो कृष्णवर्णीय होता, आणि १९६१ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला हा पुरस्कार मिळालेला नव्हता. विद्यापीठाचं नाव आणि खेळाडूचा रंग, दोन्ही मतांमध्ये उतरतात, हे आपण विसरू नये.

पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, ब्रेननच्या संघाने ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ७-० असं हरवलं आणि त्यांची सलग ४७ विजयांची मालिका तोडली. तो हंगाम ७-३ गेला, त्यानंतरचा ६-४. तरीही १९५८ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, ब्रेननना काढून टाकण्यात आलं.

आमचा मुद्दा इथेच आहे. खेळाला आवर घालण्याचा निर्णय वरच्यांनी घेतला, आणि तो चुकीचाच होता असं आम्ही म्हणत नाही. विद्यापीठ अभ्यासासाठी असतं. पण त्या निर्णयाची किंमत मोजायची वेळ आली, तेव्हा बिल तिशीच्या प्रशिक्षकाच्या हातात दिलं गेलं. तेव्हा २-८ सारखा आकडा समोर आला, की त्या वर्षाच्या दोन-चार वर्षं आधी काय ठरलं होतं, तेही आपण बघायला हवं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.