नळी रिकामी नसते

रविवारच्या मटणातली नळी कोणाच्या ताटात पडणार, यावरून घरोघरी भावंडांची भांडणं झालेली आहेत. नळी ताटलीवर आपटून आतला मऊ गर काढणाऱ्याला दोन गोष्टी न शिकवताच कळतात: हाड पोकळ असतं आणि ती पोकळी भरलेली असते. पण हाड स्वतःच्या मांडीचं असलं की हेच ज्ञान डळमळतं. मांडी, नडगी, दंड, पुढचा हात यांच्या लांब हाडांच्या मधोमध असणाऱ्या या मज्जापोकळीबद्दल इतके चुकीचे समज आहेत की त्यांपायी माणसं उपचारांना घाबरतात. म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १: पोकळीत हवा असते.

वस्तुस्थिती: हा समज बहुधा शाळेतल्या सांगाड्यावरून होतो. तो सांगाडा धुऊन, सुकवून ठेवलेला असतो. आतलं सगळं निघून गेलेलं असतं. जिवंत हाडात ही जागा मज्जेने आणि रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने गच्च भरलेली असते. तिच्या भिंतीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. सुक्या हाडाच्या दांड्यावर बारीक भोक दिसतं. पोषक धमनी त्यातूनच आत शिरते. अत्यवस्थ मुलाची शीर सापडत नसेल, तर डॉक्टर नडगीच्या वरच्या टोकात सुई घालून सलाईन देतात आणि ते थेट रक्तात पोहोचतं. हवा शिरलेली हाडं असतात ती पक्ष्यांची. अनेक पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या दंडाच्या हाडात शिरलेल्या असतात. आपल्या हातापायांत तसं काही नसतं.

गैरसमज २: पोकळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असते.

वस्तुस्थिती: पोकळी असते ती मुख्यतः दांड्यात. सांध्याजवळची फुगीर टोकं आतून जाळीदार असतात. तिथे हाडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि सांध्यावर येणारा भार दांड्याच्या जाड भिंतींकडे पोहोचवतात.

गैरसमज ३: पोकळ म्हणजे कमकुवत.

वस्तुस्थिती: बांबूची शिडी वापरणाऱ्याला हे पटणार नाही, आणि गणितही त्याच्याच बाजूने आहे. दांडा वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडांवर येतो. मधला भाग जवळजवळ निवांत असतो. भरीव गोल दांड्याचा आतला निम्मा व्यास कोरून काढला, तर वजन २५ टक्क्यांनी घटतं, पण वाकण्याला होणारा विरोध जेमतेम सव्वासहा टक्क्यांनी कमी होतो. उलट, तेवढ्याच वजनाच्या मालाची अशी नळी केली, तर ती भरीव दांड्यापेक्षा सुमारे १.७ पट ताठ होते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात पक्ष्यांची हाडं आणि बोरूच्या नळ्या यांचं उदाहरण देऊन हेच तत्त्व मांडलं होतं.

गैरसमज ४: सगळं रक्त याच पोकळीत तयार होतं, म्हणून नळी खाल्ली की रक्त वाढतं.

वस्तुस्थिती: नवजात बाळाच्या जवळपास सगळ्या हाडांत रक्तपेशी घडवणारी लाल मज्जा असते. वय वाढतं तशी ती हातापायांच्या टोकांकडून धडाच्या दिशेने मागे सरते आणि तिच्या जागी चरबीची पिवळी मज्जा येते. साधारण पंचविशीपर्यंत हा बदल पुरा होतो. त्यानंतर रक्त बनतं ते मुख्यतः मणके, कटीची हाडं, छातीचं मधलं हाड, बरगड्या, कवटी आणि मांडी-दंडाच्या हाडांची वरची टोकं इथे, सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी या वेगाने. दांड्यातली पिवळी मज्जा हा राखीव साठा आहे. रक्ताची मोठी तूट दीर्घकाळ राहिली, तर ती पुन्हा लाल होऊ शकते. नळीतला गर चविष्ट खरा, पण त्यात बरीचशी चरबीच असते आणि ती पोटात गेल्यावर इतर चरबीसारखीच पचते. रक्तासाठी लोह, फोलेट आणि बी-१२ पुरेसं मिळायला हवं.

गैरसमज ५: पोकळी एकदा घडली की आयुष्यभर तशीच राहते.

वस्तुस्थिती: गर्भात हे हाड आधी कूर्चेचं असतं. सुमारे आठव्या आठवड्यापासून त्याच्या मध्यावर हाड घडू लागतं आणि पुढे हाड खाणाऱ्या पेशी आतून कोरत पोकळी तयार करतात. मूल वाढतं तेव्हा बाहेरून हाडाचा थर चढतो आणि आतून कोरीव काम चालूच राहतं, म्हणून हाड जाड होतं पण बोजड होत नाही. उतारवयात आतली झीज भरपाईला मागे टाकते, पोकळी रुंदावते आणि भिंती पातळ होतात. थॅलेसेमियाच्या मुलाला वेळेवर रक्त मिळालं नाही, तर रक्त घडवण्याच्या धडपडीत मज्जा इतकी फुगते की तिच्या दाबाने भिंती पातळ पडतात. त्या मुलाला नियमित रक्त देण्यामागे त्याची हाडं जपणं हाही हेतू असतो.

गैरसमज ६: रॉड टाकला की हाड आतून मरतं.

वस्तुस्थिती: जर्मन शल्यचिकित्सक गेऱ्हार्ड क्युंचर यांनी १९३९ साली मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या पोकळीतच धातूचा दांडा बसवला. तेव्हापासून ही वाट रुळली. पोकळी रुंद करताना आतल्या रक्तवाहिन्या दुखावतात, हे खरं. पण बाहेरच्या आवरणातून येणारं रक्त हाडाला जगवतं आणि काही आठवड्यांत आतल्या वाहिन्याही पुन्हा वाढतात. खरा धोका असतो तो हाड मोडल्यानंतरच्या हलगर्जीपणात. जखम दिसत नाही म्हणून मुका मार समजून माणसाला तसंच उचलून नेलं जातं. मांडीचं हाड मोडलं, तर कातडी न फाटताही आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकतं, आणि मज्जेतल्या चरबीचे थेंब रक्तात शिरून फुप्फुसांपर्यंत जाऊ शकतात. म्हणून आधी पाय फळीला बांधून स्थिर करा, मगच हलवा.

गैरसमज ७: मज्जा काढली की माणूस लुळा पडतो.

वस्तुस्थिती: हा सगळ्यांत घातक समज आपल्या भाषेतच रुजलेला आहे. मराठीत मज्जातंतू, मज्जासंस्था, मज्जारज्जू हे शब्द नसांशी आणि पाठीच्या कण्यातल्या दोरीशी जोडलेले आहेत. अस्थिमज्जा ही पूर्णपणे वेगळी. त्यात ‘पाठीतलं पाणी काढणं’ ही तिसरीच तपासणी मिसळते आणि घाबरलेले नातेवाईक अस्थिमज्जेच्या तपासणीला, दानालाही, नकार देतात. रक्ताच्या कर्करोगाच्या एखाद्या रुग्णासाठी त्या नकाराची किंमत फार मोठी असते. आज बहुतेक दात्यांच्या रक्त घडवणाऱ्या मूळपेशी हातातून काढलेल्या रक्तातूनच मिळवतात. मज्जाच घ्यायची असेल, तर भूल देऊन कटीच्या हाडातून घेतात. काही दिवस तिथे दुखतं आणि काही आठवड्यांत शरीर ती भरून काढतं.

आपला हात मागे नेऊन कंबरेच्या खाली, पाठीच्या मधल्या रेषेच्या बाजूला चाचपून बघा. अनेकांना तिथे एक खळी असते आणि तिच्याखाली हाडाचं कठीण टोक लागतं. सुई तिथे जाते. मज्जारज्जू तिथे नाही. तो बराच वर, मणक्यांच्या आत सुरक्षित आहे.