वेबसाइटची किल्ली कुणाच्या कनवटीला?

मैत्रिणींनो, घराची किल्ली आपण कुणा परक्याच्या हाती देऊन निर्धास्त झोपतो का? नाही ना! मग बचत गटाच्या वेबसाइटची किल्ली मात्र 'त्या मुलाकडे' सोपवून आपण इतक्या बिनघोर कशा राहतो?

आमचंच सांगते. चिखली तालुक्यातला आमचा गट ज्वारीचे पापड, खारोड्या, सरगुंडे, तिखट असं काय काय करतो. ओळखीतल्या एका मुलानं हौसेनं वेबसाइट करून दिली. दिसायला झकास! पुण्या-मुंबईहूनच काय, बंगळुरूहूनही मागणी आली. पुढं त्या मुलाला बाहेरगावी नोकरी लागली, फोन नंबर बदलला, आणि ऐन पापडांच्या हंगामात साइट उघडेना. चौकशीअंती कळलं, की नावाची नोंदणी त्याच्या ईमेलवर, पासवर्ड त्याच्यापाशी, आणि वर्षाची फी भरायची आठवणपत्रंही त्यालाच जात होती. त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा? आम्ही कधी विचारलंच नव्हतं. गटातल्या आजी तेवढं बोलल्या, "घर आपलं अन् किल्ली त्याच्यापाशी, हे कसं बाप्पा?"

गंमत अशी, की ज्या वर्डप्रेसवर ती साइट उभी होती, त्याचा जन्मच अशा एका अडचणीतून झालेला आहे. 'बी-टू' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणाऱ्यानं लक्ष काढून घेतलं, महिनोन् महिने सुधारणा नाही. वापरणारे खोळंबले. तेव्हा अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडचा माइक लिटल यांनी तेच काम हाती घेऊन पुढं नेलं आणि 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. त्यांना हे करता आलं, कारण 'बी-टू' जीपीएल नावाच्या परवान्याखाली खुलं होतं. म्हणजे कसं, तर शेजारणीनं आपल्या लोणच्याची कृती सांगावी आणि म्हणावं, वापर, तुझ्या चवीनं बदल, आणखी कुणाला दे. फक्त बदललेली कृती देशील तर याच अटीवर दे. आज जगातल्या दर शंभर वेबसाइटींपैकी चाळिसांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. द्रुपल आणि जुमला ही त्याचीच भावंडं. (जुमला हे नाव स्वाहिली भाषेतलं, अर्थ 'सगळे मिळून'. आपल्याकडंही एकंदर बेरजेला जुमला म्हणतातच की!)

फार लांब कशाला, आपल्या बुलढाणा जिल्हा प्रशासनाची वेबसाइट उघडा. मराठी-इंग्रजी दोन्हींत आहे. लोणारचं सरोवर, शेगाव, सिंदखेडराजा यांची माहिती आहे. एनआयसीच्या 'एस-थ्री-वास' या सोयीवर ती उभी आहे, आणि त्याच्या पोटात वर्डप्रेसच. सरकारी कामाला जे चालतं, ते आपल्या पापडांना का चालू नये?

आता ते चालतं कसं? मजकूर आणि रूप यांत वेगळेपण ठेवलेलं असतं. आपला मजकूर धान्यासारखा एका कोठीत जमा राहतो. वरचं रूप म्हणजे थीम. ती बदलली तरी कोठीतलं धान्य हलत नाही. मागणी घेणं, पैसे स्वीकारणं असलं जादा काम करायला प्लगिन जोडायचे. दहावी शिकलेल्या बाईला आठवड्याभरात भाव बदलणं, फोटो चढवणं नक्की जमतं. सेटिंगमध्ये भाषा मराठी केली, की कामाचा पडदाही मराठीत येतो.

सॉफ्टवेअर फुकट, पण दोन खर्च आहेतच: नावाची वार्षिक फी आणि होस्टिंग, म्हणजे जागेचं भाडं. इथंच सावध राहा. दोन्हींच्या पावत्या गटाच्या नावावर घ्या. गटाचा स्वतंत्र ईमेल काढा, त्याला अध्यक्षांचा मोबाइल जोडा, आणि अध्यक्ष बदलल्या की नंबरही बदला. नावाची मुदत संपल्यावर थोडे दिवस ते सोडवून घेता येतं, नंतर कुणीही उचलू शकतं. आमचं तसंच गेलं. (2014 पासून .भारत असं देवनागरी नावही मिळतं, हे जाता जाता सांगते.)

साइट करून देणाऱ्याला आत येण्यासाठी वेगळं खातं द्या. काम झालं की काढून टाका. 'ॲडमिनिस्ट्रेटर'चा अधिकार गटातल्या दोघींकडं तरी हवाच. एकीचा मोबाइल विहिरीत पडला तर? आणि विकतची थीम कुणी 'फुकटात देतो' म्हणाला, तर हात जोडा. अशा चोरट्या मालात बऱ्याचदा साइट पोखरणारी कीड दडवलेली असते. सुधारणा आल्याची सूचना दिसली की टाळू नका.

महिन्यातून एकदा 'टूल्स'मधून 'एक्सपोर्ट' करून मजकुराची प्रत उतरवा. मात्र त्या फाइलमध्ये फोटो नसतात, नुसता त्यांचा पत्ता असतो! फोटोंची प्रत निराळी, पेन ड्राइव्हवर ठेवायची.

आमची नवी साइट गटाच्या नावावर आहे. फी भरायची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिलीय. जुने फोटो गेले ते गेलेच. यंदा बायकांनी मोबाइलवर नवे काढले. पापड छान आलेत, खारोड्या मात्र फोटोत मातीच्या ढेकळांसारख्या दिसतात. पांढऱ्या धोतरावर वाळत घालून पुन्हा काढून बघू म्हणतोय.