ओढ आणि वळण

बैलगाडीची ओढ आणि तिचे वळण ही दोन्ही कामे बैलच करतात. शहादा-नंदुरबारकडच्या सपाट शिवारात गाडीवान डावा कासरा खेचतो, तेव्हा वेसणीचा ताण लागून डावा बैल आखडतो. उजवा मात्र चालत राहतो. जू तिरपे होते, त्याच्यामागे धुरा फिरतो आणि शेवटी गाडी वळते. आख जागचा हलत नाही. दोन्ही चाके त्यावर सुटी फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्याला कमी. चाके सुटी असल्याने ही तफावत आपोआप निभते. मोटारीत दोन्ही चाकांना एकाच इंजिनाचा जोर पोचवायचा असल्यामुळे याच कामासाठी डिफरेन्शियल बसवावे लागते.

बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती. ती वाया जाऊ नये म्हणून ओझे आखावर तोलून भरतात. गाडी धुरजड झाली तर भार बैलांच्या मानेवर येतो. उलाळ झाली तर जू वर उचलले जाते. रबरी टायर आणि बेअरिंग आल्यापासून त्याच जोडीला जास्त ऊस ओढता येतो, पण उतारावर तोच हलकेपणा बैलांच्या अंगावर येतो.

तळोद्याहून धडगावला नेणाऱ्या चांदसैली घाटात जीपचे चालक चढताना आणि उतरताना खालचाच गिअर ठेवतात. चढणीला त्याने चाकांना जोर मिळतो. उतारावर इंजिनच चाकांना आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

घाटापलीकडे, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या उत्तर कडेला, सरदार सरोवराचे पाणी पसरले आहे. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांची ये-जा बोटीने चालते. डिझेल इंजिन दांड्यावरचा पंखा फिरवते, पंखा पाणी मागे लोटतो आणि बोट पुढे सरकते. पंख्यामागचे सुकाणू तिरपे केले की त्यावर आदळणारे पाणी बोटीची मागची बाजू एकीकडे ढकलते आणि नाळ दुसरीकडे वळते. गाडी पुढून वळते, बोट मागून. म्हणून काठाजवळून निघताना नावाडी आधी मागच्या बाजूला किती जागा आहे ते पाहतो. इंजिन बंद पडले की पंख्याचा झोत थांबतो, वेग ओसरत जातो आणि सुकाणूची पकडही सुटते. ब्रेक तर नसतोच; थांबायचे तर पंखा उलटा फिरवावा लागतो.

धरणाची पूर्ण पातळी 138.68 मीटर आहे. पाणी उतरत गेले की बुडालेली झाडे आणि टेकड्यांचे माथे पृष्ठभागाजवळ येतात. पंखा त्यांवर आपटला तर ओढ आणि वळण दोन्ही एकदम जातात. या गावांतल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला अनेकदा बोट हाच रस्ता असतो. तिचा पंखा, सुकाणू आणि इंजिन यांची देखभाल रस्तादुरुस्तीइतकीच निकडीची मानली गेली पाहिजे.